नासका आंबा व ओव्याचें फूल

एक नासका आंबा सगळी आढी नासवितो, ही म्हण मुलांस संगतीचें भय दाखविण्यासाठीं इतक्या वेळां वापरली गेली आहे कीं, ती मुळांत आंब्याविषयीं आहे याचा आपणां सर्वांस विसर पडला आहे. आम्ही आज तिचा अर्थ शब्दशः घेणार आहों. एकत्र कुटुंबांत उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत जीं फळें येतात, त्यांतील किती पानांत पडतात व किती उकिरड्यावर जातात, याचा हिशेब सहसा कोणी ठेवीत नाहीं. घरधनी आंब्याच्या पेटीची किंमत वहींत टिपतात. परंतु पेटीच्या तळाशीं काळे पडलेले आंबे गृहिणी मुकाट्यानें टाकून देते, आणि ती तूट जमाखर्चांत कोठेंच येत नाहीं. बागाइतदार, अडत्या, दुकानदार यांच्या घरींहि अशीच एक न टिपलेली तूट असते. तिचें कारण बहुतांशीं बुरशी होय. त्या बुरशीवर वनस्पतींपासूनच मिळणारीं द्रव्यें कितपत चालतात, हा प्रश्न आतां प्रयोगशाळेंतून निघून आपल्या माजघरापर्यंत येऊन ठेपला आहे.

आमच्या घरांत तो आला नाशिकच्या द्राक्षांच्या वाटेनें. निफाड तालुक्यांत आमच्या एका आतेबंधूंची द्राक्षबाग आहे. २०१० सालीं भारतांतून युरोपांत गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या द्रव्याचा अंश तेथील मर्यादेहून अधिक आढळला, व पुष्कळ माल नाकारला गेला. हें द्रव्य बुरशीनाशक नव्हे. वेलीची फाजील वाढ आवरण्यासाठीं तें वापरीत असत. युरोपांतील मर्यादा किलोमागें ०.०५ मिलिग्रॅम होती, म्हणजे वीस टन द्राक्षांत जेमतेम एक ग्रॅम. ज्या व्यापाऱ्यामार्फत आतेबंधूंचा माल गेला होता त्यानें हात वर केले. वर्षाचें उत्पन्न परक्या बंदरांत अडकून पडलें, आणि घरांत ठरलेलें मुलीचें लग्न एक वर्ष पुढें ढकलावें लागलें. त्या दिवसांत ते आमच्याकडे आले असतां ओसरीवर बसून एवढेंच म्हणाले, “दादा, औषध मारावें तर माल विकावा कसा, आणि न मारावें तर तो टिकावा कसा?”

त्यांच्या या प्रश्नाचें उत्तर म्हणून पुष्कळांच्या तोंडीं एकच शब्द येतो: नैसर्गिक. रासायनिक औषध सोडा, नैसर्गिक वापरा, म्हणजे सर्व ठीक होईल. हा शब्द आमच्या सूनबाईंनाहि फार प्रिय आहे. बाजारांतील पेटीवर तो छापलेला दिसला कीं त्या चार पैसे अधिक देतात. आम्हांस मात्र असें वाटतें कीं, या शब्दानें प्रश्न सुटत नाहीं, फक्त झांकला जातो. वनस्पतींच्या अंगीं बुरशी रोखणारी शक्ति आहे, हें निर्विवाद. परंतु ती शक्ति कोठें आहे, किती आहे आणि केव्हां ओसरते, हें समजून घेतल्यावांचून तिचा उपयोग होत नाहीं.

प्रथम रोग कसा येतो तें पाहूं. आंबा आढींत नासला म्हणजे आपण आढीस दोष देतों. पण करप्याचें बीज बहुधा झाडावरच, मोहोर किंवा बाळकैरी असतांना, पावसाच्या वा दंवाच्या ओलाव्याबरोबर पडलेलें असतें. तें सालींत किंचित् शिरतें आणि तेथेंच गप्प बसतें. कैरी हिरवी आहे तोंवर त्याचें कांहीं चालत नाहीं. फळ पिकूं लागलें कीं तें जागें होतें. काळे ठिपके पडतात, वाढतात व एकमेकांस मिळतात. देठकुजीची बुरशीहि अशीच देठाच्या आंत दडून राहते आणि फळ मऊ झालें कीं देठापासून खालीं उतरते. म्हणजे आढी लागते त्या वेळीं शत्रु बाहेरून येत नसून घरांतच झोंपलेला असतो.

मग हिरव्या कैरीपुढें त्याचें कां चालत नाहीं? याचें उत्तर मोठें मनोरंजक आहे. समीर ड्रोबी, डोव्ह प्रुस्की व त्यांचे सहकारी यांनीं इस्रायलमध्यें आंब्यावरील आल्टर्नेरिया नांवाच्या बुरशीचा अभ्यास केला आणि १९८६ सालीं असें दाखविलें कीं, कैरीच्या सालींत रिसॉर्सिनॉल जातीचीं द्रव्यें असतात व तीं बुरशीची वाढ रोखून धरतात. फळ पिकत जाईल तसतसें त्यांचें प्रमाण घटतें. तें पुरेसें घटलें कीं दबलेला रोग उफाळतो. विचार केला तर यांत नवल नाहीं. कोय तयार होईपर्यंत फळ कोणी खाऊं नये अशी झाडाची इच्छा असते, व कोय तयार झाल्यावर कोणी तरी खावें अशी असते. पिकणें म्हणजे एका अर्थीं झाडानें आपला पहारा उठविणें होय. आपणांस गोडी हवी असते ती नेमकी पहारा उठल्यानंतरची; म्हणून पिकलेलें फळ टिकविणें हें काम मुळांतच निसर्गाच्या ओघाविरुद्ध आहे.

अशींच रोगप्रतिबंधक द्रव्यें आंब्याच्या चिकांतहि असतात. श्रीलंकेंतील पेरादेणिया विद्यापीठांत या चिकाचा अभ्यास झाला असून, त्यांत रिसॉर्सिनॉलांखेरीज बुरशीच्या पेशीची भिंत विरघळविणारें एक पाचक द्रव्यहि आढळलें आहे. आमच्या मातोश्रींनीं हीं नांवें कधीं ऐकलेलीं नाहींत. परंतु आंबा घेतांना त्या आधीं देठ पाहतात. देठ मुळापासून उपटलेला असला तर त्या फळ परत ठेवितात. त्यांच्या माहेरीं कोंकणांत आंबा झेल्यानें उतरवीत व देठाचा बोटभर तुकडा राखीत. झोडपून पाडलेला आंबा लोणच्यास जाई, आढींत कधींहि नाहीं. दापोलीच्या कृषि विद्यापीठानें पुढें याच झेल्याला पातें जोडून ‘नूतन झेला’ केला, तोहि देठ राखण्यासाठींच. देठ राहिला म्हणजे चीक आंत राहतो, आणि चीक आंत राहिला म्हणजे देठकुजीच्या वाटेवर एक पहारेकरी उभा राहतो. उलट, तोच चीक सालीवर ओघळला तर साल भाजून काळी पडते, व त्या डागांतून दुसरा रोग शिरतो. द्रव्य एकच, जागेवर असलें तर राखण करतें, जागा सुटली तर भाजतें. या सर्व विषयाचें सार आम्हांस या एका गोष्टींत दिसतें.

द्राक्षाचीहि तीच कथा आहे. द्राक्षाचा वेल बुरशीचा स्पर्श होतांच रेस्व्हेराट्रॉल नांवाचें द्रव्य तयार करतो. १९७६ सालीं लँगकेक व प्राइस या ब्रिटिश संशोधकांनीं तें द्राक्षवेलींत प्रथम दाखविलें. मण्यांवर जी पांढुरकी झांक दिसते ती धूळ नसून मेणाचा अस्तर आहे. पाणी व बुरशी यांना तो दूर ठेवतो. द्राक्षांचा घड हातांत धरून ही झांक पुसून ‘चकचकीत’ करणारा विक्रेता वस्तुतः त्यांचें चिलखत उतरवीत असतो. म्हणून निर्यातीच्या बागेंतील मजूर स्त्रिया घडाचा देठच चिमटींत धरतात व मण्यांस बोट लागूं देत नाहींत. इतकें करूनहि लांबच्या प्रवासांत करडी बुरशी धरते. तिच्यासाठीं पेटींत सोडियम मेटाबायसल्फाइटचा कागद घालतात. पेटींतील ओलाव्यानें त्यांतून गंधकाचा वायु हळूहळू सुटतो व बुरशी दबते. पण वायु फाजील झाला तर देठापाशीं मणी फिके पडतात, आणि कांहीं दमेकरी माणसांस सल्फाइट सोसत नाहीं. या कागदास चांगला पर्याय मिळावा असें पुष्कळांस वाटतें, तें याच कारणानें.

येथें मसाल्याच्या डब्याकडे वळावयास हवें. ओवा, लवंग, दालचिनी, गवती चहा यांचा वास ज्या तेलांमुळें येतो तींच तेलें बुरशीचीं शत्रु आहेत. ओव्यांत दोन ते चार टक्के तेल असतें व त्यांत थायमॉल हें मुख्य. लवंगेंत युजेनॉल, दालचिनींत सिनामाल्डिहाइड, गवती चहांत सिट्राल. हीं द्रव्यें पाण्यांत फारशीं मिसळत नाहींत पण स्निग्ध पदार्थांत सहज मिसळतात. बुरशीच्या पेशीचें आवरण स्निग्ध असतें. हीं त्यांत शिरून तें झिरझिरीत करतात व पेशींतील क्षार बाहेर गळूं लागतात. थायमॉल आपणांस परका नाहीं. अमृतधारेंत कापूर व पुदिन्याच्या फुलाबरोबर जें ‘ओव्याचें फूल’ घालतात तेंच हें. पहिल्या महायुद्धापूर्वीं हिंदुस्थानांतला ओवा जहाजें भरून जर्मनीस जाई, आणि तेथें त्याचा थायमॉल काढून तो जगभर विकला जाई. काशी हिंदु विश्वविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागांत एन. के. दुबे व त्यांचे सहकारी यांनीं फळांवरील व धान्यावरील बुरशींविरुद्ध अशा सुगंधी तेलांचा कित्येक वर्षें अभ्यास केला आहे. युरोपीय संघानें तर २०१३ सालीं थायमॉल, युजेनॉल व जिरॅनिऑल या तिघांस पिकांवरील वापरासाठीं मान्यता दिली, आणि त्या तिघांचें मिश्रण तेथें द्राक्षांच्या करड्या बुरशीवरच वापरलें जातें.

हें वाचून कोणीहि म्हणेल कीं मग अडचण कसली? ओवा तर प्रत्येक घरीं आहे. आमच्या पुतण्यानेंहि हेंच म्हटलें. तो कृषिशास्त्र शिकतो. गेल्या उन्हाळ्यांत त्यानें आढीच्या दोन पेट्या केल्या, व त्यांतील एकींत ओव्याचें फूल कापडांत बांधून ठेविलें. आठवड्यानें पाहिलें तों ओव्याच्या पेटींत ठिपके खरोखरच कमी होते. पुतण्याचा आनंद गगनांत मावेना. परंतु पुरचुंडीलगतच्या आंब्यांची साल तांबूस डागाळली होती, आणि दुपारीं पानांत रस वाढला गेला तेव्हां मातोश्रींनीं एक घांस घेऊन वाटी खालीं ठेविली.

“बाळ, हा आमरस आहे कीं पोटदुखीवरचा काढा?”

“आजी, आंबा टिकला कीं नाहीं तें आधीं सांग.”

“टिकला खरा. पण खाण्यासाठीं टिकवायचा, कीं देवापुढें ठेवून नुसता पाहण्यासाठीं?”

सर्व पंगत हंसली. पण त्या एका वाक्यांत या शास्त्राची खरी अडचण सांगून झाली होती. कांचेच्या बशींत बुरशी मारण्यास जेवढें तेल पुरतें त्याहून कितीतरी अधिक फळावर लागतें. कारण फळाच्या सालींत तें मुरतें आणि हवेंत उडून जातें. मात्रा कमी पडली तर बुरशी हंसते, अधिक झाली तर साल भाजते व चव जाते. युरोपांतील ज्या मिश्रणाचा वर उल्लेख केला त्यांत या अडचणीवर मोठी युक्ति योजिली आहे: यीस्टच्या पोकळ केलेल्या सूक्ष्म पेशींत तीं द्रव्यें भरतात, म्हणजे तीं एकदम न उडतां ओलाव्याबरोबर हळूहळू बाहेर पडतात. बुरशीसहि वाढण्यास ओलावाच लागतो. तेव्हां जेव्हां शत्रूस अनुकूल वेळ येते तेव्हांच औषध सुटतें. ही युक्ति म्हणजे मात्रा व वेळ यांचा विचार होय. नुसता ‘ओवा चांगला’ एवढें म्हणून ती सुचली नसती.

कांहीं द्रव्यांस वासाची अडचणहि नाहीं. आमच्या जिल्ह्यांत कळवण, सटाणा, मालेगांव, देवळा या भागांत डाळिंब विपुल पिकतें. त्याची साल आपण फेकून देतों, किंवा फार तर अतिसारावर उगाळून देतों. दक्षिण इटलींतील संशोधकांनीं याच सालीचा अर्क लिंबूवर्गीय फळांवरील बुरशीवर लावून चांगले परिणाम मिळविले. त्यांत मुख्यतः तुरट द्रव्यें असतात. स्पेनमध्यें २००५ सालीं कोरफडीच्या गराचा पातळ लेप द्राक्षांस देऊन पाहिला, तेव्हां द्राक्षें थंडींत अधिक दिवस टणक व ताजीं राहिलीं. आंब्यावर तर नुसतें गरम पाणीहि काम करतें. पुरतीं तयार पण न पिकलेलीं फळें सुमारें ५२ अंश सेंटिग्रेडच्या पाण्यांत पांच मिनिटें बुडवून लागलींच निथळून कोरडीं केलीं तर करप्याचा जोर पुष्कळ कमी होतो. येथें मात्र हाताच्या अंदाजावर भिस्त ठेवूं नये. तापमापक हवाच, कारण चार-पांच अंश अधिक झाले तर फळ उकडतें.

येथें लासलगांवचा दाखला देणें उचित होईल. तेथें भाभा अणुसंशोधन केंद्रानें ‘कृषक’ नांवाचें विकिरण केंद्र उभारलें, तें मुख्यतः कांद्यास मोड येऊं नयेत म्हणून. २००७ सालीं अमेरिकेनें भारतीय आंबा पुनः घेण्याचें मान्य केलें तेव्हां पहिले हापूस व केशर याच केंद्रांतून गेले. तेथें आंब्यास किमान ४०० ग्रे इतकी मात्रा देतात. तिनें कोयींतील भुंगेऱ्याची पैदास थांबते, पण बुरशी मरत नाहीं. म्हणून अणुशक्तीचें साहाय्य घेतल्यावरहि आंब्यास गरम पाण्याची आंघोळ चुकत नाहीं. प्रत्येक उपायाचें क्षेत्र ठरलेलें असतें. हापुसांत आढळणारा साका तर बुरशीचा रोगच नव्हे. त्यावर कोणतेंहि तेल वा पाणी चालणार नाहीं, आणि चालेल असें सांगणाऱ्यापासून सावध राहावें.

याच ओघांत सूनबाईंच्या आवडत्या शब्दाविषयींहि बोललें पाहिजे. तंबाखूच्या पानांतील निकोटिन एके काळीं कीटकनाशक म्हणून सर्रास वापरीत. तें पूर्णपणें नैसर्गिक आहे, आणि त्याचे थोडे थेंब माणसाचा जीव घेण्यास पुरतात. कण्हेर व धोत्रा आपल्या कुंपणावरच फुलतात. वनस्पतींनीं हीं द्रव्यें आपल्या कल्याणासाठीं निर्मिलेलीं नाहींत, स्वतःच्या बचावासाठीं निर्मिलीं आहेत; तीं मुळांत विषेंच आहेत, आणि म्हणूनच त्यांचा उपयोग होतो. थायमॉलासहि मान्यता मिळते ती तपासणी करून, मात्रा ठरवून. तेव्हां पेटीवर ‘नैसर्गिक’ छापलें आहे काय, यापेक्षां तींतील फळांची अंश-तपासणी झाली आहे काय, हा प्रश्न अधिक शहाणपणाचा. सूनबाईंस हें प्रथम पटलें नाहीं. पण आतां त्या दुकानदारास हाच प्रश्न विचारतात, व बहुतेक वेळां त्यास उत्तर देतां येत नाहीं असें सांगतात. विचारणारे वाढले म्हणजे उत्तरेंहि येऊं लागतील. निर्यातीच्या द्राक्षांची तपासणी काढणीपूर्वीं होते व मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची त्यावर देखरेख असते. परदेशीं जाणाऱ्या फळास जी दक्षता, ती भद्रकालीच्या बाजारांत येणाऱ्या फळास कां नसावी, असें कोणाहि गृहस्थानें विचारावें.

घरापुरतें बोलावयाचें तर कर्तव्यें थोडींच आहेत. देठासह फळ घ्यावें. आढी एकावर एक न रचतां कोरड्या पेंढ्यांत एकेरी लावावी. रोज हात फिरवून मऊ पडलेलें फळ वेगळें काढावें. बुरशीचीं बीजें उडतातच, शिवाय नासणाऱ्या फळांतून सुटणाऱ्या इथिलीन वायूनें शेजारचीं फळेंहि घाईनें पिकतात व त्यांचा पहारा लवकर उठतो. म्हणजे ती म्हण अक्षरशः खरी आहे. कार्बाइडनें पिकविलेला आंबा घरांत आणूं नये. त्यास २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनीं बंदी आहे, आणि असा आंबा बाहेरून पिवळा व आंतून कच्चा असतो.

राहतां राहिला आतेबंधूंचा प्रश्न. मुलीचें लग्न पुढल्या वर्षीं झालें, बागहि उभी आहे. आतां ते प्रत्येक फवारणीची नोंद ठेवितात, काढणीपूर्वीं नमुना तपासून घेतात, आणि घडास बोट लावणाऱ्यावर रागावतात. वनस्पतिजन्य औषधें ते वापरून पाहतात, पण एका कोपऱ्यांतल्या चार ओळींवर, वही हातांत घेऊन. त्यांच्याशीं बोलतांना आम्हांस एक गोष्ट मात्र वारंवार जाणवली. फळावर एक ठिपका दिसला कीं तें परत टोपलींत टाकणारे आपणच आहों. निष्कलंक फळाचा हा आग्रहच बागाइतदारास आणखी एक फवारा मारावयास लावतो, आणि मग त्या फवाऱ्याचा अंश सांपडला म्हणून त्याला दोष देणारेहि आपणच. सालीवर दोन ठिपके असलेला, पण देठ शाबूत व वास चोख असा आंबा आमच्या घरीं आतां आनंदानें घेतला जातो. ठिपक्याचा भाग मातोश्री सुरीनें काढून टाकतात, आणि उरलेला आंबा नातवंडांच्या वाटीला येतो.